आधी ग्लास, मग घोट

जर्मनीत राहून आलेला माणूस पाणी पितानासुद्धा आधी ग्लासकडे बघतो. ग्लास मनासारखा नसेल तर तो तहानलेला बसेल, पण पिणार नाही. आमचा मेहुणा राजू हा अशांपैकी एक. श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यातून तो डिसेंबरच्या सुटीत आमच्याकडे बदलापूरला आला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी काहीही सरळपणे पिऊ शकलेलं नाही.

हाच मुलगा जाण्यापूर्वी स्टेशनबाहेर कटिंग प्यायचा. गाडीचा हॉर्न ऐकू आला की उकळता चहा दोन घोटांत घशाखाली, ग्लास फळीवर आणि राजू जिन्यावर. चव कशी होती हे सांगायला तो थांबतोय कशाला! आता तो पेय नाकाशी नेतो, डोळे मिटतो, भुवया वर नेतो आणि म्हणतो, "फिनिश लांब आहे." आमच्या हिने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं, फरशी पुसायच्या लिक्विडबद्दल बोलतोय.

तसं आमच्या लाइनीला जर्मनीचं आता नवल राहिलेलं नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून लोकलच्या डब्यात, जिथे भजन नाहीतर रमी चालायची तिथे, एखादा मुलगा कानात बोंडं घालून 'डेर, डी, डास' घोकताना दिसतो. गर्दीतून वाट कशी काढायची हे बदलापूरच्या पोराला जर्मनीत कोणी शिकवायला नको. खुर्ची पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, एवढंच काय ते शिकायचं राहतं.

कस्टमच्या नियमाप्रमाणे परदेशाहून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये बियरचा मग एक लिटरचा असतो, म्हणजे आपल्या सरकारने माणशी दोन मग मंजूर केले आहेत. राजूने हिशेब करूनच बॅग भरली होती. सातशे मिलीची येगरमाइस्टरची हिरवी बाटली, साडेसातशे मिलीची रीस्लिंग वाइन आणि अंडरबर्गच्या वीस-वीस मिलीच्या चोवीस इटुकल्या बाटल्या. बेरीज एक लिटर नऊशे तीस मिली.

"उरलेले सत्तर?" मी विचारलं.

"सेफ्टी मार्जिन, भावोजी."

पोराला शिस्त लागली, हे आईला तिथेच पटलं. बॅगेत कपडे फारसे नव्हते. चहाचं एक पाकीट होतं, त्याच्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही.

आम्हाला वाटलं, आता बाटली उघडणार. मी उत्साहाने स्टीलचे पेले आणले. स्टीलच्या पेल्यातून रीस्लिंग प्यायलो तर जर्मन वकिलातीतून फोन येईल, असा राजूचा चेहरा झाला. मग त्याने आम्हाला बसवून समजावलं. गव्हाच्या बियरला अर्ध्या लिटरचा उंच ग्लास, कमरेत बारीक आणि वर रुंद. कलोन शहराच्या कोल्श बियरला दोनशे मिलीचा सरळसोट. ऑक्टोबरफेस्टला कानवाला मग. बर्लिनची आंबट बियर पसरट पेल्यात, लाल नाहीतर हिरवं सरबत घालून, आणि तीही स्ट्रॉने. फ्रँकफर्टला सफरचंदाची वाइन राखाडी सुरईतून ओततात, सुरईवर निळी नक्षी. तिचा ग्लास शंकरपाळ्यांच्या नक्षीचा, कारण लोक सॉसेज खाता खाता पितात, हात तेलकट असतात आणि साधा ग्लास हातातून निसटतो.

"म्हणजे हात धुवायचे सोडून ग्लास बदलला?" आई म्हणाली.

जर्मन अभियांत्रिकीवर इतकी नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही.

ग्लास आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो. जगात बनणारी वस्तू उल्हासनगरात मिळत नसेल तर ती अजून बनलेली नाही, असं आमच्याकडे मानतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी त्या वस्तीचं नाव उल्हासनगर ठेवलं आणि मग तिथे जीन्सपासून फर्निचरपर्यंत बाजार उभा राहिला. ज्यांनी बराकीतून बाजार काढला त्यांना दोनशे मिलीचा ग्लास काय अवघड?

दुकानदाराने आधी पापड आणि पाणी पुढे केलं. दुकानात ते नेहमी मिळतंच असं नाही, पण पाहुणा जर्मनीचा आहे म्हटल्यावर मिळालं. त्याने राजूच्या मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, ग्लासची कंबर नीट न्याहाळली आणि विचारलं, "कितना पीस?"

"चार."

"साईं, चारसाठी साचा नाही बनत. चार डझन घ्या. खाली मेड इन जर्मनी पाहिजे तर तेही येईल."

राजू दुखावला. उल्हासनगरी 'मेड इन यूएसए'चा विनोद साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे, तो मी पुन्हा सांगत नाही. पण राजूला दुखावायचं काही कारण नव्हतं. ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला, की बाहेरच्या मालावर तो कुठे बनला ते छापलंच पाहिजे. का? तर जर्मन कारखानदार स्वस्त चाकू-कात्र्या बनवून त्यांवर शेफील्डचं नाव ठोकत होते. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का मुळात गिऱ्हाइकाला 'सावध राहा, नक्कल आहे' असं सांगण्यासाठी मारला गेला. पुढे जर्मनांनी माल इतका सुधारला की तोच शिक्का मिरवायची वस्तू झाला. उल्हासनगर फार तर साठ-सत्तर वर्षं मागे आहे. हे मी दुकानदाराला सांगितलं तेव्हा त्याने आम्हाला आणखी एकेक पापड दिला.

चार डझन ग्लास ठेवायला आमच्या वन बीएचकेत जागा नव्हती. शेवटी दुकानदाराने आतून एक वस्तू काढली. उंच, कमरेत बारीक, वर रुंद, अर्धा लिटर मावेल अशी. खाली 'फ्लॉवर पॉट' असं स्टिकर होतं. राजूने ते नखाने खरवडून काढलं आणि म्हणाला, "जमेल." चार फ्लॉवर पॉट वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही संध्याकाळच्या गर्दीत बदलापूर गाडीत चढलो. उतरेपर्यंत तीन उरले. चौथा कोणाच्या कोपराने गेला हे समजायला त्या गर्दीत स्वतःचं कोपर तरी ओळखू यायला हवं.

कोल्शच्या ग्लासची सोय वरच्या मजल्यावरच्या काकांनी केली. काकांचा जन्म अंबरनाथच्या केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये गेला. निवृत्त झाले, पण घरात मीठसुद्धा लेबल लावून ठेवतात. फोटो बघून ते म्हणाले, "दोनशे मिली, सरळ, काचेचा? अरे, हा मेजरिंग सिलिंडर आहे." आणि त्यांनी कपाटातून दोन कोरेकरकरीत सिलिंडर काढून दिले. वर मिलीच्या खुणा. राजूने खूप शोधलं, पण त्यात त्याला जर्मन शिस्तीविरुद्ध काही सापडलं नाही.

आता पिण्याचा मुहूर्त. गव्हाची बियर बव्हेरियात सकाळी पितात, पांढऱ्या सॉसेजबरोबर, आणि जुना रिवाज असा की त्या सॉसेजने दुपारच्या बाराचे टोले ऐकता कामा नयेत. म्हणून राजूने इथेच विकत घेतलेल्या गव्हाच्या बियरसाठी रविवारी सकाळी अकराची वेळ ठरवली.

"सकाळी अकराला? आणि आज संकष्टी आहे," आई म्हणाली.

"काकू, म्युनिकचे संन्यासी तर उपासालाच बियर प्यायचे. उपासाला अन्न चालत नाही, पण पातळ पदार्थ चालतो. म्हणून मग त्यांनी चांगली दाट, पोटभरीची बियर काढली. पाउलानर मठाची ती बियर अजून मिळते."

आई विचारात पडली. "त्यांचा चंद्रोदय लवकर होत असेल," ती म्हणाली आणि साबुदाणा परतायला आत गेली. उपासाच्या नावाखाली बटाटा, दाण्याचं कूट आणि साजूक तूप एकाच ताटात घेणाऱ्या आपल्या समाजाने त्या संन्याशांना हसू नये, असं माझं मत आहे.

पाहुणे म्हणून काका आणि सोसायटीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरींना बोलावणं भाग होतं, कारण आमचा मेंटेनन्स थोडा मागे होता. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "परमिट आहे ना?" १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, हे आपल्याला परमिट रूमच्या पाटीपलीकडे आठवत नाही. कायद्याच्या भाषेत परवानाधारक माणूस आरोग्य टिकवण्यासाठी पितो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. राजूने सगळ्यांचे परवाने ओळीने टेबलावर मांडून ठेवले होते. कागदपत्रं पूर्ण असल्याशिवाय जर्मनीत घोट घशाखाली उतरत नसावा.

गव्हाची बियर ओतायचं एक शास्त्र आहे. आधी ग्लास थंड पाण्याने विसळायचा, म्हणजे फेस आवरतो. मग तो तिरका धरून बियर काठाने हळू सोडायची. तळाशी दोन बोटं उरली की बाटली गोल फिरवायची, खाली बसलेलं यीस्ट वर येतं, आणि ते फेसावर ओतायचं. राजूने फ्लॉवर पॉट हातात घेतला, नळ सोडला आणि नळाने एक लांब उसासा टाकला. दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं. व्हॉट्सअॅपवर सूचना आली होती, पण ती 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडली गेली होती.

"फिल्टरमध्ये दोन लिटर आहे," ही म्हणाली. "ते संध्याकाळपर्यंत पुरवायचंय. त्यात ग्लास विसळणारा माणूस रात्री गच्चीवर झोपेल."

त्यामुळे ग्लास कोरडा राहिला आणि फेसाने आवरायचं नाकारलं. पॉटमध्ये चार बोटं बियर आणि वीतभर फेस. सेक्रेटरींनी मदत म्हणून विचारलं, "बर्फ टाकू का?" राजू काही बोलला नाही. भिंतीला टेकला.

मग 'प्रोस्ट'. ग्लासला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हा जर्मनीतला कडक नियम. नजर चुकवली तर सात वर्षं संसारात दुर्दैव मागे लागतं, असं तिथे मानतात. काका म्हणाले, "साडेसातीपेक्षा सहा महिने कमीच की!" पण मेंटेनन्स थकवलेल्या माणसाने सेक्रेटरीच्या डोळ्यांत रोखून बघायचं, हे प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही. मी बघितलं. त्यांनीही बघितलं. त्यांच्या डोळ्यांत दोन तिमाह्या आणि त्यावरचं व्याज स्पष्ट दिसत होतं.

पहिला घोट घेऊन राजू म्हणाला, "केळं लागतंय? आणि मागून लवंग?"

इथून पुढे जे झालं त्याचं वर्णन रसग्रहणाच्या पुस्तकात सापडणार नाही. मला खरं तर फक्त फेस लागला होता. पण सेक्रेटरींनी लगेच मान डोलावली, "हो हो, केळं आहे." आता मला नाही म्हणता येईना. मी म्हणालो, "पिकलेलं." सेक्रेटरी म्हणाले, "वेलची केळं." मी म्हणालो, "छे, राजेळी." सेक्रेटरींची सासुरवाडी वसईची. राजेळी केळं तुम्ही खाल्लंय का कधी, इथपर्यंत गोष्ट गेली. दोघांनीही पुन्हा वास घेतला, पुन्हा घोट घेतला, आणि ज्या केळ्याचा त्या बाटलीत मागमूस नव्हता त्याची साल जाड की पातळ यावर आम्ही भांडलो.

"आयसोअमाइल अॅसिटेट," काका शांतपणे म्हणाले.

"काय?"

"केळ्याच्या वासाचं एस्टर. आयुष्यभर नाकात बसलंय माझ्या. इथे ते यीस्ट तयार करतं. लवंगेसारखा वास दुसऱ्या रेणूचा, चार-व्हिनाइल ग्वायाकॉल. दोन्ही खरंच आहेत." त्यांनी सिलिंडर उजेडात धरून पातळी वाचली. "बाकी वसईचा संबंध नाही."

राजूला एवढा आनंद झाला की त्याने १५१६ चा बव्हेरियाचा शुद्धतेचा फतवा सांगायला घेतला. बियरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी, चौथं काही नाही. त्यात यीस्टचं नाव नाही, कारण ते काय असतं हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हतं. गहू पावासाठी राखायचा, म्हणून बियरमध्ये बार्लीच.

"मग ही गव्हाची कशी?" मी विचारलं.

"ती खास परवानगीने. आधी एका सरदार घराण्याकडे हक्क होता. १६०२ मध्ये ड्यूकने तो स्वतःकडे घेतला. पैसा भरपूर मिळायचा त्यात."

"म्हणजे नियम सगळ्यांना आणि सोय आपल्याला," काका सेक्रेटरींकडे बघत म्हणाले. "आपला पार्किंगचा ठराव १६०२ चाच दिसतो." सेक्रेटरींनी फेसात नाक घातलं. मला मात्र जर्मनी त्या क्षणी एकदम आपल्यातली वाटली.

देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ मध्ये पुण्यात निघाली आणि तिथे बियर करायला माणूस जर्मन होता, हेही राजूने सांगितलं. पुण्यात बाहेरचा माणूस शिकवायला यावा आणि पुणेकरांनी ते ऐकून घ्यावं, या घटनेची नोंद इतिहासकारांनी घ्यायला हवी.

बारा वाजता चर्चचे टोले पडले नाहीत. खाली टँकरचा हॉर्न वाजला. बव्हेरियाची परंपरा सोडून सगळे बादल्या घेऊन धावले. परत आलो तेव्हा आईने एका फ्लॉवर पॉटमध्ये निशिगंध लावून ठेवला होता. तो शोभत होता.

कोल्शची पाळी संध्याकाळी. ती बियर कलोन परिसरात बनली तरच तिला कोल्श म्हणता येतं, तसा १९८६ चा तिथल्या ब्रुअरींचा करार आहे. त्यामुळे बदलापुरात कोल्श मिळायचा प्रश्नच नव्हता, पण प्यायची रीत शिकता येईल असं राजूचं म्हणणं. तिथे निळा एप्रन घातलेला वेटर न विचारता भरलेला ग्लास ठेवतो, बियरखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो, आणि तुम्ही संपवलात की दुसरा आणतो. नको असेल तर पुठ्ठा ग्लासवर झाकायचा. तो झाकेपर्यंत ग्लास येतच राहतात. आमच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरणारा यजमान हाच. फरक इतका, की कलोनमध्ये ग्लास झाकला की थांबतात, आपल्याकडे पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी येते.

पुठ्ठे म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापल्या. आईने सिलिंडर बघितले, त्यांवरच्या खुणा बघितल्या आणि त्यांत ताक भरलं. आलं, मिरची, कोथिंबीर, वरून किंचित हिंग. एकशे ऐंशीच्या खुणेपर्यंत ताक आणि वर वीस मिली फेस. राजूने पहिल्यांदा विरोध केला, मग ताक संपवलं, मग पुठ्ठा झाकायला विसरला. 'चि.सौ.कां.'च्या शेजारी पेन्सिलीच्या रेघांची रांग लागली.

रीस्लिंगची कथा थोडक्यात सांगतो. ही जर्मनीची अभिमानाची पांढरी वाइन. आंबट-गोड, आणि मुरलेल्या बाटलीला पेट्रोल-रॉकेलचा वास येतो. तो दोष समजत नाहीत, जाणकार त्यासाठीच पैसे मोजतात. काकांनी त्यालाही रेणू सांगितला. आईने लांबूनच वास घेतला. "रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हा रांगेत मी उभी राहायचे," ती म्हणाली. "डोळे मिटून वास घेणारा एक माणूस बघितला नाही."

अंडरबर्गला मात्र तिने मान दिला. तपकिरी कागदात गुंडाळलेली बोटभर बाटली, १८४६ पासूनचं जर्मन पाचक, जेवणानंतर एका दमात घ्यायचं. कृती त्या घराण्याने गुप्त ठेवली आहे. आईने कागद सोलला, झाकण काढलं, थेंबभर जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "ज्येष्ठमध आहे. पित्तावर चालेल." दीडशेहून जास्त वर्षांचं गुपित आमच्या आईपुढे दीड मिनिट टिकलं. खरं की खोटं, ते घराणं सांगणार नाही आणि आई माघार घेणार नाही. येगरमाइस्टरमध्ये छप्पन्न वनस्पती आहेत हे ऐकल्यावर तिने एवढंच विचारलं, "आणि बाटलीवर हरिण कशाला? औषधावर वैद्याचं नाव असतं."

शेवटचा मोठा प्रयोग गच्चीवर झाला. त्याचं नाव फॉयरत्सांगेनबोले. जर्मन लोक नाताळाच्या दिवसांत तो करतात आणि त्याच नावाचा १९४४ चा सिनेमाही बघतात. तांबडी वाइन संत्रं, लवंग आणि दालचिनी घालून गरम करायची. भांड्यावर चिमट्यात साखरेचा शंकू आडवा ठेवायचा, त्यावर रम ओतायची आणि पेटवायचं. निळ्या ज्वाळेत साखर वितळून वाइनमध्ये ठिबकते. बदलापूरला डिसेंबरात थंडी पडते. पारा उतरला की आम्ही मुंबईच्या नातेवाइकांना आकडा पाठवतो, ते पंखा लावून वाचतात. तेव्हा हवामान जर्मनच होतं. वाइन नाशिकची, चिमटा पापड भाजायचा. साखरेचा शंकू मिळाला नाही म्हणून गुळाची लहान ढेप.

रम ओतली, काडी लावली. काही नाही. दुसरी काडी. विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना ज्या अंबरनाथात होता तिथे उमेदवारी केलेले काका स्वतः पुढे झाले. आगपेटी संपत आली. ढेपेने पेट घेतला नाही.

"किती टक्के?" काकांनी रमची बाटली फिरवून बघितली. "बेचाळीस पॉइंट आठ. तुमच्या पुस्तकात?"

"चोपन्न," राजू म्हणाला.

"मग थंडीत अशी कशी पेटेल?"

तेवढ्यात गूळ खालच्या वाफेने मऊ झाला आणि चिमट्यातून अख्खी ढेप वाइनमध्ये पडली. तांबडे शिंतोडे सेक्रेटरींच्या पांढऱ्या स्वेटरवर. ते गच्चीवर आग लावण्याबद्दलचा सोसायटीचा नियम सांगायलाच आले होते. शेजारच्या विंगेतून कोणीतरी ओरडून विचारलं, "तिळगूळ करताय का? संक्रांत लांब आहे!" आईने भांडं ओट्यावर आणलं, सुंठ आणि दोन मिरी घातले, एक उकळी आणली आणि पेल्यांत ओतलं. हो, स्टीलच्या. सेक्रेटरींची आठवडाभराची सर्दी दुसऱ्या दिवशी मोकळी झाली. त्यांनी स्वेटरचा विषय काढला नाही. मेंटेनन्सचा काढला.

राजू खचला. परत जायला थोडे दिवस उरले होते, आणि बदलापूरने एकही जर्मन पेय जर्मन राहू दिलं नव्हतं. तेव्हा त्याला ते चहाचं पाकीट आठवलं.

जर्मनीच्या वायव्य टोकाला, समुद्राकाठी, पूर्व फ्रीजलंड नावाचा भाग आहे. तिथली माणसं वर्षाला माणशी तीनशे लिटर चहा पितात. जगात कोणताही देश त्यांच्या पुढे नाही, चहावरून भांडणारा आपला देशसुद्धा नाही. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा ठेवायचा. राजूने तो अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या प्रसादाच्या टोपलीतून आणला. १०६० च्या शिलालेखाचं ते देऊळ बघायला परदेशी लोक येतात, पण चहासाठी साखर घ्यायला आलेला तो पहिलाच असावा. खड्यावर कडक गरम चहा ओतला की खडा तडतडतो. कान जवळ नेला की ऐकू येतं, आम्ही सगळ्यांनी नेला. मग दाट साय चमच्याने काठाला लावून घड्याळाच्या उलट दिशेने सोडायची. ती बुडते आणि पांढरा ढग होऊन वर येते.

"आणि ढवळायचं नाही," राजू म्हणाला. "आधी साय, मग कडवट चहा, शेवटी साखर. तीन थर. आणि कमीत कमी तीन कप. तो त्यांचा कायदाच."

"ढवळायचं नाही तर चमचा कशाला दिला?" आई.

"पुरे झालं की कपात उभा ठेवायचा. ठेवला नाही तर पुढचा कप येतो."

आईने पहिला कप न ढवळता घेतला. दुसराही. तिसऱ्या कपाला तळाचा गोड घोट घेतल्यावर तिने पाकीट मागितलं, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं राजूला वाचायला लावली. मिश्रण पूर्व फ्रीजलंडमध्ये केलेलं. पानं मुख्यतः आसामची.

"आसामातून तिकडे गेला, तिकडून विमानाने बदलापूरला आला," आई म्हणाली. "एवढं फिरल्यावर कोणीही कडक होईल." आणि चौथ्या कपासाठी कप पुढे केला. चमचा बशीतच होता.

आता माझा निकाल. गव्हाची बियर चांगली, पण पाणी येण्याच्या वेळेनंतर घ्या. रीस्लिंग रॉकेलच्या रांगेत न उभ्या राहिलेल्यांनी प्यावी. अंडरबर्ग लग्नाच्या पंगतीनंतर घ्यायला हरकत नाही. कोल्शच्या सिलिंडरांत आमच्याकडे अजून ताक असतं. ऑक्टोबरफेस्टला जायचं असेल तर तो बराचसा सप्टेंबरात असतो आणि बहुतेक वर्षी पितृपक्षाच्या नाहीतर नवरात्राच्या आसपास येतो, तेव्हा घरच्या ज्येष्ठांना आधी विचारा. आणि तुमच्याकडचं कोणी जर्मनीहून येणार असेल तर दोन लिटरच्या हिशेबात त्याचा जीव अडकवू नका. त्याला चहाचं पाकीट आणायला सांगा. चहाला कस्टमची ती मर्यादा लागत नाही, परमिट लागत नाही, आणि खडीसाखर अंबरनाथला देवळाबाहेर मिळते.